कॅनडाच्या सरहद्दीवरील घोडेस्वार पोलीस

नव्याने अखत्यारीत आलेल्या मुलखात राज्यसंस्था प्रथम कोणाच्या रूपाने पोचते, यावर त्या मुलखाचे पुढचे पुष्कळसे भवितव्य अवलंबून असते. बहुधा ती सैनिकाच्या रूपाने पोचते. कॅनडाच्या पश्चिमेकडील विस्तीर्ण गवताळ प्रदेशात मात्र ती १८७४ साली लाल डगला घातलेल्या घोडेस्वार पोलीस शिपायाच्या रूपाने पोचली. शेजारच्या अमेरिकेत त्याच काळी सैन्य आणि तेथील मूळ रहिवासी यांच्यात रक्तरंजित लढाया चालू होत्या. सरहद्दीच्या अलीकडे तीनशेच्या आतबाहेर असलेल्या पोलिसांनी पहिली दहा वर्षे जवळजवळ एकही गोळी न झाडता शांतता राखली. ही गोष्ट जितकी खरी, तितकीच दुसरीही एक गोष्ट खरी आहे. ज्या लोकांनी या पोलिसांवर विश्वास टाकला, त्यांनाच पुढे त्याच पोलिसांनी राखीव जमिनींच्या सीमांत कोंडून ठेवले. प्रचलित पुस्तकांत यांपैकी पहिली हकीकत ठळकपणे येते आणि दुसरी ओझरती. येथे दोन्ही एकत्र पाहण्याचा विचार आहे.

या हकीकतीची सुरुवात एका हस्तांतरणापासून होते. हडसन बे कंपनी या इंग्रज व्यापारी कंपनीकडे दोनशे वर्षे असलेला प्रचंड भूप्रदेश १८७० साली नवजात कॅनडा राष्ट्राकडे आला. आपल्याकडे ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार १८५८ साली राणीच्या सरकारकडे गेला, तेव्हा निदान कचेऱ्या, ठाणी आणि जमाबंदीची दप्तरे होती. कॅनडाच्या वाट्याला आलेल्या या प्रदेशात तसले काहीच नव्हते. रॉकी पर्वतापर्यंत पसरलेले गवत, त्यावर चरणारे बायसनचे कळप आणि त्या कळपांच्या मागोमाग फिरणारे ब्लॅकफूट, क्री, असिनिबॉइन आदी लोक, असे त्याचे स्वरूप होते. बायसन म्हणजे आपल्या गव्याच्या जातकुळीतले जनावर. त्याचे मांस खावे, कातड्याचे तंबू आणि पांघरुणे करावीत, हाडांची अवजारे करावीत, अशी या लोकांची सारी संसारव्यवस्था त्याच्यावर उभी होती. याखेरीज फ्रेंच वा स्कॉटिश पिता आणि मूलनिवासी माता यांच्यापासून झालेला मेटी नावाचा समाजही नदीकाठी वसलेला होता.

दक्षिणेकडे एकोणपन्नासावे अक्षांशवृत्त ही अमेरिकेची सरहद्द. ती नकाशावर होती, जमिनीवर नव्हती. अमेरिकन व्यापाऱ्यांनी १८६९ च्या सुमारास ती ओलांडून आजच्या आल्बर्टा प्रांतात फोर्ट व्हूप-अप नावाचे लाकडी ठाणे उभारले आणि बायसनच्या कातड्यांच्या बदल्यात दारू देण्याचा धंदा मांडला. दारू म्हणजे तरी काय? पाणी घातलेल्या मद्यार्कात तंबाखू, मिरी आणि हाताला लागेल ते मिसळून केलेले मिश्रण. देवीच्या साथीने ब्लॅकफूट लोक नुकतेच खचले होते, त्यांत या धंद्याची भर पडली. माणसे आपले घोडे आणि पांघरुणेसुद्धा दारूसाठी देऊ लागली आणि आपापसांत मारामाऱ्या करून मरू लागली.

पंतप्रधान जॉन मॅकडोनाल्ड यांच्या मनात या प्रदेशासाठी पोलीस दल उभारण्याची कल्पना पूर्वीपासूनच घोळत होती. नमुना होता आयर्लंडच्या कॉन्स्टॅब्युलरीचा, म्हणजे निमलष्करी शिस्तीच्या, बराकीत राहणाऱ्या आणि मध्यवर्ती सरकारला जबाबदार असणाऱ्या पोलिसांचा. महाराष्ट्रातील वाचकांना हा नमुना परका वाटण्याचे कारण नाही. सर चार्ल्स नेपियर यांनी १८४३ मध्ये सिंध जिंकल्यावर तेथील पोलीस याच आयरिश धर्तीवर उभे केले. पुढे सिंध मुंबई इलाख्याला जोडला गेला आणि तेथील घडी पाहून इलाख्यातील पोलिसांचीही पुनर्रचना झाली. एकाच साम्राज्यातील एकच साचा असा दोन टोकांना वापरला गेला.

मे १८७३ मध्ये कॅनडाच्या संसदेने ‘नॉर्थ-वेस्ट माउंटेड पोलीस’ स्थापन करणारा कायदा संमत केला. प्रारंभी या दलाला ‘माउंटेड रायफल्स’ म्हणावयाचे ठरले होते; पण सरहद्दीवर सशस्त्र स्वारांची हालचाल पाहून अमेरिकेने संशय घेऊ नये म्हणून नावात ‘पोलीस’ हा शब्द आणला, असे सांगतात. कायद्याने संख्येची मर्यादा तीनशेच्या आसपास ठेवली. उमेदवार अठरा ते चाळीस वयाचा, धट्टाकट्टा, घोड्यावर बसता येणारा, चांगल्या चालीचा आणि इंग्रजी किंवा फ्रेंच लिहितावाचता येणारा असावा, अशी अट होती. साध्या शिपायाला रोजी पाऊण डॉलर मिळे आणि तीन वर्षे नेकीने काढल्यास १६० एकर जमीन. कायद्यातील एक तरतूद मात्र आजच्या वाचकाला खटकेल. दलाच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना दंडाधिकाऱ्याचे अधिकार होते. म्हणजे ज्या दलाने आरोपीला पकडावयाचे, त्याच दलाच्या अधिकाऱ्याने त्याचा न्याय करावयाचा. शेकडो मैलांत दुसरे न्यायालय नसल्याने ही व्यवस्था सोयीची होती आणि सुरुवातीला ती मूलनिवाशांच्या हिताचीही ठरली. परंतु धोका तिच्यातच दडलेला होता.

कायदा झाला तरी भरती रेंगाळली असती. ती घाईने करावी लागली ती एका हत्याकांडामुळे. १ जून १८७३ रोजी सायप्रस हिल्स या टेकड्यांत, घोडे चोरल्याच्या संशयावरून, अमेरिकेतून आलेल्या लांडगेमारांनी असिनिबॉइन लोकांच्या तळावर गोळीबार करून वीसहून अधिक माणसे मारली. मारल्या गेलेल्यांचा त्या चोरीशी काही संबंध नव्हता. ही बातमी ओटावाला पोचावयास ऑगस्ट उजाडला. त्यानंतर मात्र हालचाल झाली आणि त्याच हिवाळ्यात दीडशे रंगरूट मॅनिटोबात पोचले.

पुढील वर्षी, ८ जुलै १८७४ रोजी, कमिशनर जॉर्ज आर्थर फ्रेंच यांच्या नेतृत्वाखाली सुमारे पावणेतीनशे माणसांची तुकडी डफरिन या ठाण्याहून पश्चिमेकडे निघाली. तिच्याबरोबर तीनशेच्या वर घोडे, शंभरावर बैलगाड्या, दोन तोफा, दोन उखळी तोफा आणि पुढच्या वसाहतीसाठी गाईवासरे होती. सहा तुकड्यांना सहा रंगांचे घोडे वाटून दिलेले असल्यामुळे निघतानाचे दृश्य मोठे शोभिवंत होते. ही शोभा फार दिवस टिकली नाही. ओंटारिओच्या तबेल्यांत दाण्यावर पोसलेल्या उमद्या घोड्यांना माळावरचे कोरडे गवत मानवेना. त्यांनी मान टाकली, आणि जनावरे वाचविण्यासाठी स्वारांना मैलोगणती पायी चालावे लागले. पाण्याची डबकी बायसनच्या कळपांनी गढूळ केलेली असत. ते पाणी पिऊन माणसांना हगवण लागली. टोळधाड, गारपीट, उवा, अर्धपोटी मुक्काम, काही म्हणता काही राहिले नाही. कामाच्या हुकमात जे घोडे शोभून दिसतात ते कामाला टिकतातच असे नाही, हे त्या वाटेवरच्या प्रत्येक शिपायाला उमगले असेल.

आणि इतके करून सप्टेंबरमध्ये जेथे फोर्ट व्हूप-अप असावयास पाहिजे होते तेथे पोचल्यावर दिसले काय, तर उजाड नदीकाठ! नकाशा चुकीचा होता. ठाणे प्रत्यक्षात तेथून बरेच मैल दूर होते. थंडी तोंडावर, रसद संपत आलेली, वाट अज्ञात. ज्या दलाने सरहद्दीवर कॅनडाची सत्ता दाखवावयाची, त्याला अखेर सरहद्द ओलांडून अमेरिकेतील फोर्ट बेंटन गावी धान्य आणि वाटाड्या मिळविण्यासाठी जावे लागले.

तेथे जो वाटाड्या मिळाला, तो जेरी पॉट्स. वडील स्कॉटिश व्यापारी, आई कैनाई म्हणजे ब्लॅकफूट समूहातील. ठेंगणा, किंचित वाकलेला आणि कमालीचा अबोल. पुढच्या टेकडीपलीकडे काय आहे असे विचारल्यावर आणखी एक टेकडी आहे एवढेच उत्तर त्याने दिले, अशी त्याच्याबद्दल आख्यायिका आहे. हा माणूस त्यानंतर बावीस वर्षे, १८९६ मध्ये मृत्यू येईपर्यंत, दलाचा वाटाड्या आणि दुभाषा होता. माझ्या मते दलाच्या पहिल्या यशातला मोठा वाटा या एका माणसाचा आहे. पाणी कोठे आहे आणि तळ कोठे टाकावा हे त्याने सांगितले. शिवाय ब्लॅकफूट प्रमुखाला भेटताना कसे बसावे, आधी कोणी बोलावे, हेही त्यानेच शिकविले. त्याचे नाव कोणत्याही अधिकाऱ्याच्या नावाइतके मोठ्या अक्षरांत असावयास हवे होते.

फ्रेंच काही तुकड्या घेऊन पूर्वेकडे परतले आणि दीडशे माणसांनिशी सहायक कमिशनर जेम्स मॅकलाउड पुढे गेले. ऑक्टोबरमध्ये ते व्हूप-अपला पोचले तेव्हा तोफा रोखण्याचीही गरज उरली नाही; सुगावा लागलेले व्यापारी केव्हाच पसार झाले होते. ओल्डमन नदीच्या बेटावर लाकूड तोडून पोलिसांनी आपले ठाणे बांधले आणि त्याला फोर्ट मॅकलाउड असे नाव दिले. थोड्याच दिवसांत एका ब्लॅकफूट माणसाने तक्रार आणली, की दारूविक्याने थोड्याशा दारूच्या बदल्यात आपले दोन घोडे घेतले. निरीक्षक क्रोझर दहा शिपाई आणि पॉट्स यांना घेऊन गेले, त्यांनी टोळी पकडली, दारू जमिनीवर ओतली, बायसनची कातडी जप्त केली आणि मॅकलाउडांनी दंड ठोठावला. त्या कडक हिवाळ्यात जप्त कातड्यांच्याच टोप्या, कोट आणि पांघरुणे करून पोलिसांनी दिवस काढले.

तक्रार मूलनिवाशाची आणि शिक्षा व्यापाऱ्याला, ही घटना त्या प्रदेशात अपूर्व होती. डिसेंबरमध्ये ब्लॅकफूट प्रमुख क्रोफूट फोर्ट मॅकलाउडला आले. गोऱ्याला आणि तुमच्या माणसाला एकच कायदा लागू होईल, असे मॅकलाउडांनी पॉट्समार्फत त्यांना सांगितले. सायप्रस हिल्सच्या हत्याकांडातील आरोपींना अमेरिकेतून मिळविण्याचा प्रयत्नही दलाने केला. तो फसला, हाती लागलेल्या तिघांवर विनिपेगमध्ये १८७६ साली खटला झाला, तेही पुराव्याअभावी सुटले. शिक्षा कोणालाच झाली नाही. तरीसुद्धा मूलनिवाशांना मारल्याबद्दल गोऱ्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणारे सरकार आहे, ही वार्ता तंबूतंबूतून पसरली.

या विश्वासाची खरी कसोटी लागली १८७७ मध्ये. आदल्या वर्षी लिटल बिगहॉर्नच्या लढाईत अमेरिकन सैन्याचा पराभव करणारे लकोटा लोक सूडाच्या भयाने सरहद्द ओलांडून आले. मे महिन्यात खुद्द सिटिंग बुल आले. हजारो माणसांच्या त्या छावणीत मेजर जेम्स वॉल्श मूठभर शिपायांनिशी घोड्यावरून सरळ गेले. या भूमीवर राहावयाचे तर येथील कायदा पाळावा लागेल आणि सरहद्दीपलीकडे चढाई करता येणार नाही, असे त्यांनी बजावले. लकोटांनी ते मानले. चार वर्षांत मोठा संघर्ष झाला नाही. पण या चार वर्षांचा शेवट कटू आहे. कॅनडा सरकारने या पाहुण्यांना ना जमीन दिली, ना पुरेसे अन्न. वॉल्श त्यांच्याविषयी फार सहानुभूती बाळगतात असे वाटल्यावरून त्यांची बदली झाली. उपासमारीने टेकीस आलेले सिटिंग बुल जुलै १८८१ मध्ये अमेरिकेत परत जाऊन शरण गेले.

त्याच १८७७ च्या सप्टेंबरात बो नदीवरील ब्लॅकफूट क्रॉसिंग येथे सातवा करार झाला. सरकारतर्फे डेव्हिड लेअर्ड आणि मॅकलाउड यांनी वाटाघाटी केल्या. पाखराचे पीस जसे त्याला थंडीपासून जपते तसे पोलिसांनी आम्हांला जपले, अशा अर्थाचे उद्गार क्रोफूट यांनी त्या प्रसंगी काढल्याची नोंद सरकारी अहवालात आहे. करार करण्याचे एक कारण म्हणून त्यांनी पोलिसांवरील विश्वासाचाच उल्लेख केला. पाच माणसांमागे एक चौरस मैल राखीव जमीन, शिकारीची मुभा आणि माणशी दरसाल पाच डॉलर असे त्याचे मुख्य कलम होते. कागदावर लिहिले होते की, जमिनीवरील सर्व हक्क सोडून दिले आहेत. ब्लॅकफूट वडीलधाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली आठवण मात्र अशी, की आम्ही शांततेचा आणि जमीन मिळून वापरण्याचा करार केला होता. विकण्याची गोष्ट निघालीच नाही.

दोनच वर्षांत, १८७९ पर्यंत, कॅनडाच्या माळावरून बायसन नाहीसा झाला. व्यापारी शिकारीने अमेरिकेत कळपच्या कळप संपविले आणि उरलेले उत्तरेस फिरकेनात. करारातील शिकारीची मुभा त्यामुळे निरर्थक झाली. उपाशी माणसे पोलीस ठाण्यांभोवती गोळा होऊ लागली. अनेक ठिकाणी शिपायांनी आपल्या शिध्यातून त्यांना अन्न दिले, हेही नमूद केले पाहिजे. ओटावातील धोरण निराळे होते. सायप्रस हिल्समध्ये जमलेल्या क्री आणि असिनिबॉइन लोकांनी रेल्वेच्या नियोजित मार्गापासून दूर, उत्तरेकडील राखीव जमिनींवर जावे यासाठी शिध्याचा उपयोग दबाव म्हणून केला गेला. येथे राहाल तर अन्न नाही, तेथे जाल तर आहे. फोर्ट वॉल्श हे भरभराटीचे ठाणे १८८३ मध्ये मोडून टाकण्यात आले, कारण ठाणे असेपर्यंत लोक हटत नव्हते. दुष्काळात अन्नछत्र हलविणे ही माणसे हलविण्याची किती परिणामकारक रीत आहे, हे दुष्काळी जिल्ह्यांत काम केलेल्या कोणाही कर्मचाऱ्याला निराळे सांगावे लागणार नाही.

मार्च १८८५ मध्ये मेटी समाजाने लुई रिएल यांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या हक्कांसाठी उठाव केला. २६ मार्चला डक लेकजवळ पोलीस आणि त्यांच्याबरोबरचे स्वयंसेवक यांची मेटींशी चकमक होऊन सरकारी बाजूची बारा माणसे पडली. रेल्वेने हजारोंचे सैन्य आणून सरकारने मे महिन्यात उठाव मोडला. १६ नोव्हेंबरला रिएल यांना रेजायना येथील पोलीस तळावर फाशी देण्यात आली. त्याच महिन्यात बॅटलफर्ड येथे आठ मूलनिवाशांना एकाच वेळी फासावर चढविण्यात आले. पाउंडमेकर हे क्री प्रमुख तर लढाई टाळण्यासाठी झटले होते; त्यांनाही राजद्रोहाबद्दल तुरुंगात टाकण्यात आले आणि सुटकेनंतर १८८६ मध्ये ते वारले. कॅनडा सरकारने त्यांना निर्दोष जाहीर केले ते २०१९ साली.

उठावानंतर दलाची संख्या एक हजारापर्यंत वाढली आणि कामाचे स्वरूपही पालटले. आता राखीव जमिनीबाहेर पाऊल टाकावयाचे तर सरकारी प्रतिनिधीची लेखी चिठ्ठी हवी, असा नियम सुरू झाला. नातलगाला भेटावयाचे, बाजारात धान्य विकावयाचे, शाळेत ठेवलेल्या मुलाला पाहावयाचे, सर्वांना चिठ्ठी. चिठ्ठीवाचून आढळणाऱ्यास परत पाठविण्याचे काम पोलिसांचे. यात विशेष असे, की या नियमाला कायद्याचा आधारच नव्हता. संसदेने तसा कायदा कधी केला नाही आणि करारांत तर मुक्त संचार गृहीत होता. अधिकाऱ्यांना हे ठाऊक होते. कमिशनर हर्चमर यांनी १८९३ मध्ये परिपत्रक काढले, की कायदेशीर आधार असल्याखेरीज कोणाला परत जाण्याची आज्ञा करू नये. गोऱ्याला आणि मूलनिवाशाला एकच कायदा, हे मॅकलाउडांचे वचन दलातील कोणाला तरी आठवत होते, असे हे परिपत्रक वाचून वाटते. प्रतिनिधींनी चिठ्ठ्यांची पद्धत तरीही पुढे कित्येक वर्षे चालू ठेवली. मुलांना आईबापांपासून दूर निवासी शाळांत नेण्याच्या कामीही पोलिसांना वापरण्यात आले. या भूमिकेबद्दल दलाच्या कमिशनरांनी २००४ मध्ये जाहीर क्षमा मागितली.

युकॉनमधील सोन्याच्या शोधाची हकीकत सर्वपरिचित असल्याने थोडक्यात सांगतो. १८९८ च्या हिवाळ्यात खिंडींच्या माथ्यावर उभे राहून पोलिसांनी प्रत्येक सोनेशोधकाजवळ वर्षभराची शिधासामग्री आहे की नाही हे तपासले आणि नसेल त्याला परत धाडले. सामानासह ते ओझे टनाच्या घरात जाई. या सक्तीमुळे असंख्य जीव वाचले. अधीक्षक सॅम स्टील यांची कीर्ती येथलीच. दलाला १९०४ साली ‘रॉयल’ ही उपाधी मिळाली. १९१९ मध्ये विनिपेगच्या सार्वत्रिक संपात याच दलाचे घोडे जमावावर घातले गेले आणि दोघांचा मृत्यू झाला. १९२० मध्ये दुसऱ्या एका केंद्रीय पोलीस दलाशी विलीनीकरण होऊन आजचे ‘रॉयल कॅनेडियन माउंटेड पोलीस’ अस्तित्वात आले.

प्रसिद्धीच्या क्षेत्रातील मंडळींना एका गोष्टीची मौज वाटेल. हे दल आपला माणूस हमखास पकडून आणते, ही जगप्रसिद्ध ख्याती दलाने स्वतः पसरविली नाही. १८७७ साली माँटानातील एका वृत्तपत्राने दारूविक्यांचा पाठलाग करणाऱ्या पोलिसांबद्दल तसे लिहिले आणि पुढे कादंबऱ्यांनी व चित्रपटांनी ते उचलले. दलाचे अधिकृत ब्रीद फ्रेंच भाषेत आहे आणि त्याचा अर्थ कायद्याची, हक्काची राखण करणे असा होतो. पकडण्याचा त्यात उल्लेख नाही.

घोडेस्वारी हा दलातील सक्तीच्या शिक्षणाचा भाग १९६६ मध्ये संपला. बत्तीस स्वारांचे संगीतसंचलन तेवढे उरले आहे. १९७४ मध्ये स्त्रियांना भरती खुली झाली. १९९० मध्ये पगडी घालण्याची परवानगी मिळून बलतेजसिंग धिल्लाँ हे पगडीधारी पहिले शीख अधिकारी झाले. त्या निर्णयाला त्या वेळी कॅनडात मोठा विरोध झाला होता. मूलनिवासी समाजातील स्त्रीपुरुषही आता दलात आहेत.

सातव्या कराराच्या प्रदेशात आजही दरवर्षी करारदिन पाळतात. सरकारी अधिकारी टेबल मांडून बसतात, लोक रांगेने येतात आणि प्रत्येकाच्या हातावर पाच डॉलर ठेवले जातात. १८७७ पासून ही रक्कम वाढलेली नाही. टेबलाशेजारी लाल डगल्यातील पोलीस उभा असतो.